टीपीएनच्या पिशवीतून जंतुसंसर्ग होऊ शकतो का?

आईच्या आतड्याचं ऑपरेशन झालंय, शिरेतून पोषण (टीपीएन) चालू आहे, पिशवी तर नितळ दिसते. मग त्यातून जंतू जातील का, असं तुम्ही विचारलंय.

क्वचित, पण जाऊ शकतात. आणि नितळ दिसण्यावर अजिबात विसंबू नका. मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या फार्मसीत ही मिश्रणं तयार केली आहेत. एका मिलिलिटरमध्ये लाखो जंतू असले तरी द्रव गढूळ दिसेलच असं नाही.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात, टीपीएनमध्ये प्रथिनांसाठी घालतात त्या अमिनो अ‍ॅसिडच्या तयार द्रावणाचा तुटवडा होता, म्हणून एका फार्मसीने ते भुकटीपासून स्वतःच बनवायला घेतलं. सहा रुग्णालयांतल्या १९ रुग्णांच्या रक्तात सेराशिया नावाचा जंतू शिरला, त्यातले ९ दगावले. तोच जंतू फार्मसीतल्या नळावर आणि मिश्रणाच्या भांड्यात सापडला. द्रावण गाळायची आणि तपासायची पद्धतच कच्ची होती. मला बोचतं ते हे, की रुग्णांचं पोषण थांबू नये म्हणूनच तर हा खटाटोप सुरू झाला होता.

त्याआधी २०१० मध्ये जर्मनीतल्या माइन्झला दूषित द्रावण ११ बाळांना दिलं गेलं आणि त्यातली ३ बाळं गेली. आधी संशय रुग्णालयाच्या फार्मसीवर आला. तपासाअंती बोट गेलं ते बाहेरून आलेल्या, बहुधा तडा गेलेल्या एका काचेच्या बाटलीकडे.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कारखान्यातून बंद आलेली, कप्पे असलेली पिशवी वापरतात. ती दाबली की आतल्या आतच मिश्रण होतं. आईची तशीच आहे का, विचारा. तशी असेल तर जपायचं ते मुख्यतः सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला. पिशवी जोडण्याआधी सिस्टर हात धुतात का, जोड स्पिरिटने घासतात का, हे बघा. टीपीएनच्या नळीतून दुसरी इंजेक्शनं देऊ नयेत आणि एक पिशवी २४ तासांच्या वर लटकत ठेवू नये.

पिशवी सुरू झाल्यावर हुडहुडी भरून ताप आला तर पांघरूण घालत बसू नका, तडक सिस्टरना बोलवा. आणि ती पिशवी फेकू देऊ नका. रक्ताबरोबर तिचंही कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, करता येतं.

भीतीपोटी टीपीएन बंद करायला मात्र सांगू नका. आतडं काम करत नाही तोवर आईचं जेवण तेच आहे. तोंडाने किंवा नाकातल्या नळीने थोडं थोडं कधी सुरू करता येईल, हे डॉक्टरांना रोज विचारत राहा.