४० हजारांत घरच्या वापरासाठी लॅपटॉप घ्यायचाय. कोणतं कॉन्फिगरेशन बघावं?

तुमचा प्रश्न असा आहे: राहायला खानापूर तालुक्यात, मुलगी बी.कॉम.ला, तिची रोज बसनं बेळगावला ये-जा. घरात बँकेचं काम, नाडकचेरीचे (कर्नाटकातलं दाखले देणारं सरकारी ऑफिस) दाखले, एसएसपी या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवरचा स्कॉलरशिप फॉर्म, 'भूमी' या सरकारी साइटवरून शेताचा उतारा, यूट्यूब, आणि मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. बजेट ४० हजार. दुकानांतून तीन पर्याय मिळालेत. पहिला, इंटेल आय३-१२१५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची जागा), ३७ हजार. दुसरा, रायझन ५ ७५२०यू, रॅम आणि एसएसडी तेवढीच, ३९ हजार. तिसरा, सातव्या पिढीचा आय७, १६ जीबी रॅम, सेकंडहँड, २२ हजार. आणि दुकानदार म्हणतो, "तीनपेक्षा पाच मोठा, पाचपेक्षा सात मोठा."

पहिला घ्या. पण त्यात रॅमचा एक स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायची जागा, मोकळा आहे याची खात्री झाल्यावरच पैसे द्या. स्लॉट नसेल तर त्याच प्रोसेसरचं दुसरं मॉडेल बघा.

मी बेळगावात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. 'स्लो झालाय' म्हणून जी मशीनं टेबलावर येतात, त्यांत दोष प्रोसेसरचा निघाला असं क्वचितच होतं. एक तर आत जुनी फिरती हार्ड डिस्क असते, नाहीतर रॅम अपुरी असते. हार्ड डिस्क काढून एसएसडी घालता येते. रॅमचं मात्र तसं नाही. ती बोर्डावरच सोल्डर केलेली असली आणि जोडीला स्लॉट नसला, तर गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच उरत नाही. दोन वर्षांपूर्वी घेतलेला, अंगावर ओरखडाही नसलेला लॅपटॉप हातात घेऊन लोक परत जातात, ते बघून वाईट वाटतं. म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

विंडोज ११ सुरू होऊन स्थिर झालं की ८ जीबीमधली तीन-चार जीबी तिथंच गेलेली असते. थोडी ग्राफिक्ससाठी बाजूला जाते, कारण या किमतीच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, ते याच रॅममधून वाटा घेतं. उरलेल्यात मुलगी ऑनलाइन क्लास लावणार, शेजारी हिशेबाचं टॅली उघडणार, ब्राउझरमध्ये दहा टॅब असणार. रॅम भरली की विंडोज ती माहिती एसएसडीवर ठेवायला लागतं, आणि एसएसडी कितीही चपळ असली तरी रॅमची जागा घेऊ शकत नाही. क्लिक केल्यावर सेकंद दोन सेकंद थांबायला होतं ते इथूनच. आज ८ जीबीवर तुमचं काम भागेल, तीन वर्षांनी कुरकुर सुरू होईल. त्या वेळी ८ जीबीची एक पट्टी घालायची सोय असली की तोच लॅपटॉप आणखी तीन-चार वर्षं चालतो. पट्टी लगेच घातली तर उत्तमच, पण २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे उरलेल्या तीन हजारांत ती बसेलच असं धरून चालू नका. तशी घाईही नाही. आत्ता मोकळा स्लॉट पदरात पाडून घ्या.

स्लॉट आहे की नाही हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. डेमोचा लॅपटॉप चालू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरीवर क्लिक करा. ग्राफच्या खाली उजवीकडे 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. तिथं 'वन ऑफ टू' दिसलं तर एक जागा मोकळी. त्याच्याच खाली 'फॉर्म फॅक्टर' असतं. 'एसओडिम' म्हणजे निघणारी पट्टी, 'रो ऑफ चिप्स' म्हणजे सोल्डर केलेली रॅम. दोन्ही आकडे सारखे असले, 'फोर ऑफ फोर' वगैरे, आणि खाली रो ऑफ चिप्स, तर त्या लॅपटॉपची रॅम बहुधा आयुष्यभर तेवढीच. काही मॉडेलांत अर्धी रॅम सोल्डर आणि एक स्लॉट असतो, तेही चालतं. शंका राहिली तर खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर त्याचा तपशील बघा. एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळी कॉन्फिगरेशन विकली जातात, त्यामुळे नुसतं नाव बघून निर्णय घेऊ नका.

आता 'तीनपेक्षा पाच मोठा' याचं बघू. रायझनच्या ७००० मालिकेत नंबरातला तिसरा आकडा आतली रचना किती जुनी ते सांगतो. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, ही रचना २०१९ ची. चिप २०२२ मध्ये आली, पण आतला ऐवज जुना, आणि कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चारच. शिवाय या चिपबरोबर रॅम कायम सोल्डर केलेलीच येते. दुकानदार 'डीडीआर५ रॅम आहे' म्हणून सांगतो, पण ती असते एलपीडीडीआर५, आणि ती नंतर वाढवता येत नाही हे तो सांगत नाही. त्यामुळे ८ जीबीवाला दुसरा पर्याय मी तुम्हाला घेऊ देणार नाही. हाच लॅपटॉप १६ जीबीत याच भावाला मिळाला तर विचार करण्याजोगा आहे. आणि नंबर ७५३०यू असेल तर गोष्टच वेगळी: झेन ३, सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). एका आकड्याचा फरक दिसतो, पण तो तुमच्या बजेटात सापडला तर आय३ सोडून तो घ्या, स्लॉटची अट मात्र तीच.

आय३-१२१५यू मध्ये सहा कोअर आहेत, दोन मोठे आणि चार छोटे, आठ थ्रेड. तुमच्या यादीतलं एकही काम त्याला जड नाही. आय३-१३१५यू किंवा नव्या नावाचा 'कोअर ३ १००यू' हेही त्याच घराण्यातले. सेलेरॉन नावाचा प्रोसेसर मात्र टाळा, आणि एसएसडीऐवजी ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्तातली साठवण) लिहिलेलं काहीही टाळा. विंडोजचे अपडेट येता येताच ते भरतं.

सेकंडहँड आय७ चा मोह मला समजतो, २२ हजार म्हणजे जवळजवळ निम्मा पैसा वाचतो. पण सातव्या पिढीचा आय७-७५००यू म्हणजे दोनच कोअर आणि चार थ्रेड. नावात सात असलं तरी आजचा आय३ त्याच्या पुढं आहे. त्याहून मोठी अडचण विंडोजची आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर धरतं. सातव्या पिढीतले अगदी मोजके सोडले तर बाकी सगळे बाहेर. युक्त्या करून ११ घालून देणारे पुष्कळ आहेत, पण ज्या मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार तिथं अशी तडजोड नको. जुनाच घ्यायचा असेल तर आठवी पिढी किंवा पुढची, एसएसडी असलेला, आणि बॅटरी नव्यानं घालावी लागणार हे धरून भाव करा.

एसएसडी ५१२ जीबी पुरे. घरी जाऊन बघाल तेव्हा ती ४७६ जीबीच्या आसपास दिसेल. दुकानदारानं फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या, तेवढाच तो फरक.

स्क्रीनकडे कोणी बघत नाही, आणि रोज डोळ्यांसमोर तीच असते. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, हवीच. १३६६ बाय ७६८ असेल तर ठेवून द्या, एक्सेलच्या ओळी आणि टॅलीचे रकाने त्यात मावत नाहीत. पॅनेल आयपीएस आहे का ते विचारा, आणि स्वतःही बघा: पांढऱ्या पानावरचा मजकूर उघडा आणि स्क्रीन मागं झुकवा, मग बाजूनं बघा. रंग उलटे-काळपट झाले तर ते स्वस्तातलं टीएन पॅनेल. या किमतीत स्क्रीनचा उजेड सहसा २५० निट्सच्या (उजेड मोजायचं माप) फारसा पुढं जात नाही, तेव्हा अंगणात बसून काम होईल अशी अपेक्षा ठेवू नका. साइज म्हणाल तर मुलगी बसमध्ये घेऊन जाणार असेल तर १४ इंची बघा. १५.६ इंची साधारण पावणेदोन किलोपर्यंत जातो, आणि सकाळच्या खानापूर-बेळगाव बसच्या गर्दीत सॅक पुढं घेऊन उभं राहायचं म्हणजे तेवढं वजनही जाणवतं. घरीच राहणार असेल तर मोठा घ्या, वडीलधाऱ्यांना वाचायला सोपा पडतो.

टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही, आणि आपल्या भागातल्या घरांना याचा खूप उपयोग आहे म्हणून जरा सांगतो. विंडोजमध्येच मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड आहेत. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली दोन्ही भाषा जोडा, मग विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. इंग्रजी अक्षरांतून टाइप करायची सवय असेल तर फोनेटिक कीबोर्ड दोन्ही भाषांचा आहे. पण मुलीला वेळ असेल तर तिला इनस्क्रिप्ट शिकू द्या. त्यात मराठी 'क' ज्या बटणावर, कन्नड 'ಕ' चा उच्चारही त्याच बटणावर. एक भाषा बोटांत बसली की दुसरी जवळजवळ आपोआप येते. मराठी शाळेतून आलेल्या आपल्या मुलांना पुढं कन्नडमधून अर्ज करायची वेळ येते, तेव्हा ही मोठी शिदोरी आहे. सरकारी ऑफिसात नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर चालतं, तेही नंतर घालता येईल.

विंडोज आधीपासून घातलेलंच मॉडेल घ्या. डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त पडतो आणि दुकानात 'घालून देतो' म्हणतात, पण तो बहुतेक वेळा चोरीचा विंडोज असतो. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अ‍ॅक्टिव्हेशन असं बघितलं की खरं काय ते कळतं. एमएस ऑफिस 'फ्री' म्हटलं तर ते कायमचं की एका वर्षाचं, एवढं विचारा. एका वर्षाचं असेल तर त्यासाठी पैसे जास्त देऊ नका, लिबरऑफिस फुकट आहे आणि कॉलेजच्या कामाला पुरतं. टॅलीप्राइमचा एज्युकेशनल मोडही फुकट चालतो, त्यावर सराव होतो. क्रोमबुक मी यासाठीच सुचवत नाही, टॅली विंडोजवरच चालतं.

कोल्हापुरात स्वस्त मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. पूर्वी दोन राज्यांचे कर वेगळे होते तेव्हा त्या हिशेबाला अर्थ होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे आणि लॅपटॉपवर तो निपाणीच्या अलीकडं आणि पलीकडं सारखाच, १८ टक्के. फरक पडला तर दुकानाच्या ऑफरचा. त्यापेक्षा वॉरंटीत ऑनसाइट सर्व्हिस, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, आहे का, आणि ती तुमच्या गावच्या पिनकोडला मिळते का, हे कंपनीच्या टोल फ्री नंबरवर विचारा. बेळगाव शहरात मिळते म्हणून जांबोटी-कणकुंबीकडं मिळेलच असं नाही. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

घरी आल्यावर एक काम लॅपटॉप लावायच्या आधी करा. तीन पिनच्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनचं असतं पण अर्थिंगची वायर आत जोडलेलीच नसते, आणि मग चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येतात. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडं येणारे जळके बोर्ड बरेचसे याच कारणानं येतात. लाइट गेली तर लॅपटॉप हलक्या कामाला चार-पाच तास तग धरेल, पण वायफायचा राऊटर बंद पडेल, तेव्हा राऊटरपुरता छोटा डीसी यूपीएस घेता आला तर मुलीचा क्लास मधेच तुटणार नाही.

दुकानात जाऊन आलात की पहिल्या पर्यायाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि टास्क मॅनेजरमधली ती ओळ मला कळवा, स्लॉटचं नक्की काय ते बघून सांगतो.