अपौरुषेय आणि ईश्वरप्रणीत : एक की दोन?

प्रश्न थोडक्यात असा : ‘धर्मग्रंथ खरोखर देवाकडून आला आहे का, हे कसे ओळखावे’ या विषयावरच्या लेखात एकांनी ‘ग्रंथाचे अपौरुषेयत्व कसे तपासावे’ असे लिहिले. संपादकांनी ‘अपौरुषेयत्व’ खोडून ‘ईश्वरप्रणीत आहे का’ असे केले. लेखकाचे म्हणणे, अर्थ तोच आहे, मग खोडाखोड कशाला?

अर्थ तोच नाही. संपादकांनी बरोबर केले, आणि काही जणांच्या लेखी तर हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

‘पुरुष’ला ‘एय’ लागून ‘पौरुषेय’ होतो. पाणिनीच्या व्याकरणसूत्रावरच्या वार्तिकात, म्हणजे पुरवणी-टिपेत, त्याचे चार अर्थ दिले आहेत : पुरुषाचा वध, पुरुषाचा विकार, पुरुषांचा समूह आणि पुरुषाने केलेले. मराठीत यातला शेवटचाच उरला, तोही नकारासकट, म्हणजे ‘अपौरुषेय’मध्ये. इथे पुरुष म्हणजे बाप्या नव्हे. जाणतेपणाने काही करणारा कोणीही पुरुषच. (त्यामुळे ‘बाईने लिहिलेला ग्रंथ अपौरुषेय का?’ हा विनोद व्याकरणात बसत नाही.) आता गंमत अशी, की मीमांसकांच्या, म्हणजे वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या पंडितांच्या, दृष्टीने जाणतेपणाने ग्रंथ रचणारा ईश्वरही पुरुषच ठरतो. म्हणजे वेद ईश्वराने रचले म्हटले, की ते पौरुषेय झाले! मीमांसकांना तेच नको होते. त्यांच्या मते वेदाला कर्ताच नाही. माणूस नाही, देवही नाही. कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत, आणि म्हणून ते प्रमाण.

नैयायिक, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्याय दर्शनाचे पंडित, नेमके उलटे बोलतात. पुढच्या काळातल्या न्यायमतानुसार वेद ईश्वराने रचले, म्हणून पौरुषेयच. पण रचणारा आप्त, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, म्हणून प्रमाण. थोडक्यात, ‘वेद ईश्वरप्रणीत आहेत, सबब पौरुषेय आहेत’ हे वाक्य आपल्या कानाला कितीही विचित्र लागले तरी शास्त्रात चोख बसते.

तपासणी कशी चाले, तेही शब्दावरच ठरते. कर्ता नाही असे म्हटले, की समोरचा कर्त्याच्या खुणा शोधू लागतो. मीमांसेचा सूत्रकार जैमिनी याच्या सूत्रांत हा वाद आहे. आक्षेप असा : वेदाच्या शाखांना काठक, कालापक अशी नावे आहेत, म्हणजे कठ, कलापी अशी माणसे त्यामागे असणार. उत्तर : नाव रचण्यावरून नव्हे, शिकवण्यावरून पडले. पुढचा आक्षेप अधिक अवघड. वेदात ‘बबर प्रावाहणि’ असे नाव येते. प्रवाहणाचा मुलगा बबर जन्मल्यावरच हे वाक्य झाले असणार. मग वेद अनादी कसा? जैमिनीचा भाष्यकार शबर याचे उत्तर असे, की असा कोणी माणूसच नाही. ‘बबर’ हा आवाजाची नक्कल करणारा शब्द आहे, आणि पुढच्या टीकाकारांनी इथे अर्थ वाहणारा वारा असा घेतला. हे वाचताना मला दर वेळी हसू येते, आणि दर वेळी दादही द्यावीशी वाटते. सिद्धान्त वाचवण्यासाठी एका माणसाचा वारा करून टाकला!

कर्ता मानला की कसोट्या बदलतात. न्यायसूत्रात वेदावरचे आक्षेप तीन : अनृत, व्याघात, पुनरुक्त. म्हणजे खोटे निघणे, स्वतःचेच बोलणे कापणे, तेच ते बोलणे. पुत्रेष्टी, म्हणजे मुलासाठीचा यज्ञ, केली आणि मुलगा झाला नाही, तर ते अनृत. यावर सूत्रकार म्हणतात, दोष वचनाचा नाही. कर्मात, करणाऱ्यात किंवा साधनात उणे राहिले असेल. माझे मत विचाराल, तर या उत्तरापुढे कुठलीच परीक्षा नापास होण्याची सोय उरत नाही. पण परीक्षा मुळात मान्य केली, हे महत्त्वाचे.

याच जातीच्या कसोट्या इतरत्रही दिसतात. कुराण म्हणते, हे अल्लाहशिवाय दुसऱ्या कोणाकडून असते तर यात पुष्कळ विसंगती सापडली असती. बायबलमधल्या ‘अनुवाद’ (ड्युटेरॉनमी) नावाच्या पुस्तकात सांगितले आहे, की संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते वचन परमेश्वराचे नव्हे. या ठिकाणी ‘अपौरुषेय’ शब्द ओढून आणला की घोटाळा होतो, कारण बोलणारा आहे हेच तर इथले म्हणणे आहे. कुराणासाठी ‘अवतीर्ण’ चांगला, अरबी ‘नाझिल’ची उतरण्याची कल्पना त्यात येते. बायबलसाठी ‘परमेश्वरप्रेरित’ रूढ आहे. मूळ ग्रीक शब्दात देवाच्या श्वासाची कल्पना आहे, ती मात्र ‘प्रेरित’मध्ये निसटते.

‘प्रणीत’ म्हणजे पुढे आणलेले, रचलेले, प्रवर्तित. हल्ली तो ‘अमुक पक्षप्रणीत आघाडी’मुळे वर्तमानपत्री झाला आहे, पण ग्रंथांच्या बाबतीत त्याने मोठे वाद पाहिलेत. मुंबईत 1867 साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने कोणताच ग्रंथ साक्षात ईश्वराने प्रकट केलेला नाही असे मानले, आणि 1875 साली त्याच शहरात स्थापन झालेल्या आर्य समाजाने वेद ईश्वराचेच मानले. वाद ‘प्रणीत’चा होता, ‘अपौरुषेय’चा नव्हे.

मराठीचा अगदी आपला शब्द मात्र तिसराच आहे : प्रासादिक, म्हणजे देवाच्या प्रसादाने लिहिले गेलेले. ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची’ असे तुकोबा म्हणतात. लिहिणारा माणूस आहे हे इथे कोणी लपवत नाही. वाचा कोणाची, एवढाच प्रश्न. प्रासादिक ग्रंथाला कोणी पुरावा मागत नाही, वाचणाऱ्याला प्रचिती आली की झाले. शिवाय काव्यशास्त्रातल्या प्रसादगुणामुळे ‘सहज कळणारे’ असाही अर्थ त्याला चिकटला आहे. म्हणून तपासणीच्या लेखात हा शब्द वापरू नये.

राहिले तुमचे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या लेखकाचे, वाक्य. वेदांपुरतेच, तेही मीमांसेच्या अंगाने लिहीत असाल, तर ‘अपौरुषेय’ ठेवा. सगळ्याच धर्मांबद्दल लिहीत असाल तर ‘ईश्वरप्रणीत’. मी लिहिले असते तर दोन्ही टाळून ‘हा ग्रंथ देवाचा, हे कशावरून?’ असे लिहिले असते. ‘प्रमाण काय’ हे ‘कशावरून’मध्ये आलेच. आणि अपौरुषेय ठेवलात, तर ‘रु’ ऱ्हस्व. तुमच्या मजकुरात तो दोनदा दीर्घ पडला आहे.