रुग्णालयात कोण पोचलं नाही, तिथून सुरुवात करा

ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी दरवर्षी वाढतेय, मग ते आदिवासी पाड्यांना नीट सेवा देतंय असं अहवालात लिहावं का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून लिहू नका. लोकाधारित देखरेखीच्या, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी आरोग्यसेवेवर लक्ष ठेवण्याच्या कामात मी बारा वर्षं आहे, त्या अनुभवावरून सांगते.

आधी केसपेपरचं रजिस्टर मागा आणि एका महिन्याचे रुग्ण गाववार काढा. आम्ही काढले तेव्हा पानंच्या पानं तालुक्याच्या गावानं आणि डांबरी रस्त्यालगतच्या तीन-चार गावांनी भरलेली होती. डोंगरापलीकडच्या एका पाड्यावर गेलो, तर एका गरोदर बाईनं पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. सोनोग्राफीसाठी गुरुवारी बोलावलेलं. ती मजुरी बुडवून, जीपचं भाडं भरून गेली आणि डॉक्टर रजेवर. नंतर ती गेलीच नाही. रजिस्टरात मात्र तिच्या नावावर दोन भेटी!

आदिवासी भागात 80,000 लोकांमागे 30 खाटांचं एक ग्रामीण रुग्णालय, असा सरकारी निकष आहे. त्यात पावसाळ्यात नाला किती दिवस अडवतो हे येत नाही. ते तुम्ही पाड्यावर विचारा.

मग पुढे पाठवलेल्या बाळंतिणींची नोंद बघा. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त, तिन्ही एकाच वेळी हजर लागतात. रात्री आणि रविवारी किती जणींना जिल्ह्याला पाठवलं, कारण काय लिहिलं, आणि त्या तिथे पोचल्या का, हे एकेक नाव धरून तपासा. मला हीच नोंद सगळ्यात महत्त्वाची वाटते. पदच रिकामं असेल तर तसं स्पष्ट लिहा, ड्यूटीवरच्या सिस्टरवर खापर फोडू नका.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. गाडीचे पैसे कुणी दिले, बाहेरून काय आणायला लावलं, हे बाळंतिणीला घरी जाऊन विचारा. वॉर्डात "सगळं चांगलं"च म्हणतात. घर आशाताई दाखवतील, पण विचारताना पावरी किंवा कोरकू, जी तिथली बोली असेल ती बोलणारी दुसरी बाई सोबत ठेवा; आशाताईंसमोर तक्रार करायला बायका संकोचतात.

निष्कर्ष आधी त्याच पाड्यांवर वाचून दाखवा, चुकलेलं दुरुस्त करा आणि मग रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवा.