वाचकांचे प्रश्न : गोलरक्षक महाग, मग त्याची अदलाबदल स्वस्तात का?

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगचे विजेतेपद म्हणजे स्टॅनले कप. त्याचा निकाल लागल्यापासून १ जुलैच्या दुपारी मुक्त, म्हणजे करार संपलेल्या, खेळाडूंचा बाजार उघडेपर्यंत बर्फावर काहीच घडत नसते, आणि हॉकीच्या चाहत्यांचे वाद नेमके याच दिवसांत सर्वांत तापतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक गोलरक्षकांच्या अदलाबदलीविषयी आणि करारांविषयी असल्याने त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : लिनस उल्मार्कने २०२३ मध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक जिंकला आणि जून २०२४ मध्ये बोस्टन ब्रुइन्सने त्याला ऑटावा सेनेटर्सकडे पाठवले. बदल्यात मिळाले काय, तर ड्राफ्टमधली (तरुण खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतली) पहिल्या फेरीची एक निवड, मार्क कास्टेलिक हा खालच्या फळीतला खेळाडू आणि फॉर्म हरवलेला गोलरक्षक योनास कोर्पिसालो. एवढ्या मोठ्या खेळाडूचे मोल एवढेच?

उत्तर : आपली चीड समजते, कारण तो करंडक मिळवून देणारा हंगाम अचाट होता : ४० विजय, ६ पराभव आणि १०० फटक्यांपैकी जवळपास ९४ अडवलेले. परंतु अदलाबदलीचे मोल खेळाडूच्या गुणवत्तेवर ठरत नाही, त्या क्षणी त्याच्यासाठी जागा रिकामी असलेल्या संघांच्या संख्येवर ठरते, आणि गोलरक्षकाच्या बाबतीत ही संख्या नेहमीच केविलवाणी असते. उत्तम आघाडीपटू मिळत असेल तर कोणताही संघ त्याच्यासाठी जागा काढतो. पहिल्या फळीतला दुसऱ्या फळीत सरकतो, दुसरीतला तिसरीत, आणि सगळे खेळत राहतात. गोलमध्ये मात्र एकच माणूस उभा राहतो. लीगमध्ये ३२ संघ आहेत, म्हणजे अशा जागाही ३२ च, आणि त्यांतल्या बहुतेकांवर कोणी ना कोणी दीर्घ करार करून बसलेले असते. उल्मार्कच्या करारात लीगमधल्या जवळजवळ निम्म्या संघांना नकार देण्याचा हक्क होता आणि कराराचे एकच वर्ष उरले होते, हे हिशेबात धरले तर खरेदीदार बोटांवर मोजण्याइतकेच उरतात. आपल्याला गरज नसलेला महाग माल मोजक्या गिऱ्हाइकांपुढे मांडणाऱ्याला भाव ठरवता येत नाही.

हे एकट्या उल्मार्कच्या वाट्याला आले असेही नाही. त्याच जूनमध्ये व्हेगास गोल्डन नाइट्सने लोगन थॉम्पसनला तिसऱ्या फेरीच्या दोन निवडींवर वॉशिंग्टनला दिले. त्याच व्हेगासने ऑगस्ट २०२२ मध्ये सॅन होझेकडून एडिन हिलला चौथ्या फेरीच्या एका निवडीवर आणले होते, आणि दहा महिन्यांनी हिलने त्यांना स्टॅनले कप जिंकून दिला. भाव चढतो तो फक्त खरेदीदार अडला की. २८ जुलै २०२१ रोजी फिलिप ग्रुबाउअरने कोलोराडो सोडून सिएटलशी करार केला आणि विजेतेपदाच्या उंबरठ्यावरच्या त्या संघाची गोलची जागा अचानक ओस पडली. त्याच दिवशी कोलोराडोने अ‍ॅरिझोनाच्या डार्सी केंपरसाठी पहिल्या फेरीची निवड, कॉनर टिमिन्स हा तरुण बचावपटू आणि वर एक सशर्त निवड मोजली. केंपर तेव्हा उल्मार्कपेक्षा सरस होता असे कोणी म्हणणार नाही, पण समोरच्या संघाला त्या रात्री गोलरक्षकच नव्हता. पुढच्या वर्षी कप कोलोराडोने जिंकला, त्यामुळे त्या किमतीबद्दल आज कोणी बोलत नाही.

प्रश्न : कॅरी प्राइसला वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलर, सर्गेई बोब्रोव्स्कीला १ कोटी डॉलर आणि आता इगोर शेस्टरकिनला १ कोटी १५ लाख. एका करारातून दोन कप निघाले, दुसरा वाया गेला. मग एवढा पैसा गोलरक्षकावर लावावा की लावू नये?

उत्तर : आपण ज्याला 'निघाला' म्हणता तो बोब्रोव्स्कीचा करारही चार वर्षे वाया गेलेलाच मानला जात होता, आणि तसे मानणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. फ्लॉरिडा पँथर्सने १ जुलै २०१९ रोजी त्याच्याशी सात वर्षांचा करार केला, तोही ड्राफ्टमध्ये स्पेन्सर नाइट हा गोलरक्षक तेराव्या क्रमांकावर निवडून जेमतेम दहा दिवस झाले असताना. पहिल्या हंगामात बोब्रोव्स्कीने १०० फटक्यांमागे १० गोल खाल्ले. २०२१ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याला बाहेर बसवून नुकतीच विशी गाठलेल्या नाइटला उतरवले गेले. २०२३ च्या प्लेऑफच्या पहिल्या सामन्यातही तो बाकावर होता आणि गोलमध्ये किमान वेतनाच्या आसपास कमावणारा अ‍ॅलेक्स लायन होता. महागडा गोलरक्षक बाकावर बसतो तेव्हा ते दृश्य फार विचित्र दिसते : आघाडीपटूचा फॉर्म गेला तर तो निदान चार-पाच मिनिटे तरी बर्फावर येतो, गोलरक्षक मात्र डोक्यावर टोपी घालून बाकाजवळचे दार उघडतो आणि बंद करतो. त्या मालिकेच्या मध्यावर बोब्रोव्स्की परतला, विक्रमी ६५ विजय मिळवून आलेल्या बोस्टनला पँथर्सने सातव्या सामन्यात हरवले, अंतिम फेरी गाठली, आणि २०२४ व २०२५ असे सलग दोन कप एडमंटनला हरवून जिंकले.

प्राइसची गोष्ट उलट्या दिशेने जाते. २०१५ मध्ये व्हेझिना आणि लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट हे दोन्ही करंडक मिळवलेल्या या गोलरक्षकाशी मॉन्ट्रियलने जुलै २०१७ मध्ये आठ वर्षांचा, ८ कोटी ४० लाखांचा करार केला, त्याने २०२१ मध्ये संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले, आणि गुडघ्याने साथ सोडल्यावर पुढच्या हंगामात तो फक्त पाच सामने खेळला. एप्रिल २०२२ नंतर तो बर्फावर उतरलाच नाही. मात्र करार पुढे चार हंगाम उभा होता, आणि शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये, त्या वर्षीचा बोनस मॉन्ट्रियलने चुकता केल्यावर, तो कागद पाचव्या फेरीच्या एका निवडीसह सॅन होझेकडे गेला. गुडघ्याचा दोष व्यवस्थापकाच्या माथी मारता येत नाही, पण तिशी गाठत असलेल्या गोलरक्षकाला आठ वर्षे देताना गुडघ्याचा विचार करायलाच हवा होता.

तेव्हा आकड्याकडे पाहण्यापेक्षा एकूण वेतनमर्यादेतल्या, म्हणजे संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करता येणाऱ्या कमाल रकमेतल्या, वाट्याकडे पाहावे. २०१८-१९ मध्ये मर्यादा ७ कोटी ९५ लाख होती, म्हणजे प्राइस एकटा १३ टक्क्यांहून अधिक खात होता. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख झाली, आणि इतिहासातला सर्वांत महागडा गोलरक्षक म्हणून गाजलेल्या शेस्टरकिनचा वाटा १२ टक्केच भरतो. बोब्रोव्स्कीचा तोच १ कोटीचा आकडा पहिल्या वर्षी १२ टक्क्यांच्या वर होता, शेवटच्या वर्षी साडेदहावर आला. माझे मत विचाराल तर रकमेला मी फारसे भीत नाही, वर्षांच्या संख्येला भितो. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या नव्या सामूहिक करारानुसार खेळाडूच्या कराराची कमाल मुदत स्वतःच्या खेळाडूसाठी आठवरून सातवर आणि बाहेरच्यासाठी सातवरून सहावर येते आहे, आणि त्याचा सर्वाधिक फायदा अतिउत्साही व्यवस्थापकांनाच होईल.

प्रश्न : करार फसला असे दिसले की संघ त्या गोलरक्षकाला पैसे देऊन मोकळा का करत नाही?

उत्तर : करता येते, त्याला बायआउट म्हणतात, पण त्यात संघ मोकळा होत नाही, हप्ते लांबतात. नियम असा की २६ वर्षे पूर्ण केलेल्या खेळाडूला उरलेल्या वेतनाचे दोन तृतीयांश द्यायचे आणि ते उरलेल्या वर्षांच्या दुपटीत विभागायचे. न्यूयॉर्क आयलँडर्सने रिक डिपिएत्रोशी २००६ मध्ये १५ वर्षांचा ६ कोटी ७५ लाखांचा करार केला होता. सततच्या दुखापतींनंतर २०१३ मध्ये तो मोडला तेव्हा वर्षाला ४५ लाखांप्रमाणे आठ वर्षे, म्हणजे ३ कोटी ६० लाख उरले होते. त्यांचे दोन तृतीयांश २ कोटी ४० लाख, ते सोळा वर्षांत विभागले की वर्षाला १५ लाख, आणि हा हप्ता २०२९ पर्यंत चालू आहे. त्यातल्या त्यात आयलँडर्सचे नशीब एवढेच की त्या सुमारास, मालक-खेळाडू वादातून लीगमध्ये झालेल्या टाळेबंदीनंतरची खास सवलत म्हणून, प्रत्येक संघाला दोन बायआउट वेतनमर्यादेबाहेर ठेवता आले. एरवी हा हप्ता मर्यादेतही मोजला जातो. शिवाय सही करताना ठरलेला बोनस बायआउटने कमी होत नाही, आणि बड्या गोलरक्षकांचे एजंट वेतनाचा मोठा भाग बोनसच्या रूपातच लिहून घेतात, तो याचसाठी.

दुसरा मार्ग म्हणजे वेतनाचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, स्वतःकडे ठेवून गोलरक्षक दुसऱ्याला देणे. कॅलगरीने याकब मार्कस्ट्रॉमला न्यू जर्सीला देताना ३१ टक्के स्वतःवर घेतले आणि त्या बळावर पहिल्या फेरीची निवड व केव्हिन बाल हा बचावपटू पदरात पाडून घेतला. मला हा मार्ग बायआउटपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : बचावाची टक्केवारी पाहून करार ठरवावा का?

उत्तर : एका हंगामाची पाहून मुळीच नाही. हंगामात साधारण १८०० फटके आले आणि गोलरक्षकाची खरी पात्रता शंभरात ९१ अडवण्याची असली, तरी निव्वळ योगायोगाने त्याचे गोल डझनभराने वर-खाली होऊ शकतात, आणि शंभरात ९१.६ अडवणारा व ९०.४ अडवणारा यांच्यातला फरक याच पट्ट्यात बसतो. तीन हंगामांखालचा आकडा मी विचारात घेत नाही.

प्रश्न : बोस्टनने उल्मार्कला देऊन जेरेमी स्वेमनला मोठा करार दिला, पण आधी इतकी ताणाताणी का केली? तरुण गोलरक्षकाला लवकर बांधून ठेवणे बरे नव्हते का?

उत्तर : लवकर बांधले असते तर स्वस्त पडले असते, यात शंका नाही, पण या प्रकरणाची मुळे २०२३ च्या उन्हाळ्यात आहेत. त्या वेळी स्वेमनचा पगार लवादापुढे गेला. लवादात होते असे की खेळाडू एका बाजूला बसतो आणि त्याचाच संघ, त्याच्याच तोंडावर, तो मागतो तितक्या मोलाचा का नाही हे पटवून देतो. कोणते सामने घालवले, कुठे कमी पडला, कोणापेक्षा मागे आहे, सगळे निघते. स्वेमनला वर्षासाठी ३४ लाख ७५ हजार डॉलर मिळाले आणि हा अनुभव कोणाच्या वाट्याला येऊ नये अशा अर्थाचे तो नंतर बोलला. वाचकांनी हेही आठवावे की फ्लॉरिडाविरुद्धच्या त्या सातव्या सामन्यात बोस्टनच्या गोलमध्ये उल्मार्कऐवजी स्वेमनच होता. संघाने त्याच्यावर भरवसा टाकल्याला तेव्हा काही महिनेच झाले होते.

अशा खेळाडूशी पुन्हा बोलणी करायची असताना बोस्टनने उल्मार्कला आधीच ऑटावाला धाडले, आणि माझ्या मते चूक इथे झाली. उल्मार्क हाताशी असेपर्यंत 'तू नाहीस तर तो आहे' हे संघाला न बोलताही सांगता येत होते. तो गेल्यावर कोर्पिसालोचे नाव पुढे करून कोणी घाबरणार नव्हते. पहिल्या उत्तरात जी एकच जागा उल्मार्कचा भाव पाडत होती, तीच आता स्वेमनचा भाव चढवू लागली. तो सराव शिबिराला आलाच नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी क्लबचे अध्यक्ष कॅम नीली पत्रकारांपुढे म्हणाले की मी असतो तर मला आत्ता खेळायला ६ कोटी ४० लाख कारणे असती, म्हणजे तेवढ्या डॉलरचा प्रस्ताव स्वेमनपुढे आहे. स्वेमनच्या एजंटने असा प्रस्ताव त्याआधी समोर आल्याचेच नाकारले. ६ ऑक्टोबरला, बोस्टनचा हंगाम सुरू व्हायला दोन दिवस असताना, आठ वर्षांचा करार झाला ६ कोटी ६० लाखांना. त्या हंगामात स्वेमनचा बचाव शंभरात ८९.२ वर घसरला आणि बोस्टन प्लेऑफला मुकले. शिबिर बुडवल्याचा त्यात किती हात होता यावर चाहते खुशाल भांडोत. आठवड्याभराच्या त्या जाहीर शोभेनंतर नीलींच्या आकड्यावर जे २० लाख वाढले, ते आठ वर्षांत विभागले तर वर्षाला अडीच लाख डॉलर होतात, म्हणजे लीगमधल्या किमान पगाराच्या निम्मेसुद्धा नाहीत.