‘तेच तेच’ म्हणण्याआधी

प्रिय मैत्रिणी,

तुझी दोन्ही टिपणं वाचली, ‘स्थळ’ या मराठी सिनेमावरचं आणि ‘अडोलसन्स’ या मालिकेवरचं. मत द्यायला तू बिचकत नाहीस, हे फार चांगलं आहे. मात्र ते मत पडद्यावरच्या कोणत्या गोष्टीवरून बनलं, हे दोन्हीकडे सापडत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला तुझ्याशी सहमत होता येत नाही आणि भांडताही येत नाही.

‘स्थळ’बद्दल तू लिहिलंस, ‘मध्यंतरानंतर तेच तेच होत राहतं.’ निरीक्षण बरोबर आहे. जयंत सोमलकरांचा हा सिनेमा 2023 साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि महाराष्ट्रात मार्च 2025मध्ये लागला. त्यात मुलगी बघण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो. पाहुणे येतात, लग्नाची मुलगी सविता समोर बसते, नाव, शिक्षण, उंची विचारली जाते. पण ‘तेच तेच’ ही तक्रार ठरवायची तर दर खेपेला काय बदलतं ते आधी तपासायला हवं. कागदावर प्रत्येक कार्यक्रमाची एक ओळ कर. तो किती मिनिटं चालला? प्रश्न कोण विचारतं? कॅमेरा कुठे आहे, किती लांब आहे? सविताचा चेहरा कधी दिसतो, वडील त्या वेळी काय करत असतात? या रकान्यांत फरक पडत गेला तर पुनरावृत्ती हे दिग्दर्शकाचं हत्यार आहे, आणि ते किती धारदार आहे यावर तू लिहायचं. सलग दोन-तीन ओळी सारख्याच निघाल्या तर तुझी तक्रार पक्की, आणि आता तिला आधारही आहे.

शिवाय सुरुवातच तुझ्या टिपणातून निसटली आहे. पहिल्या प्रसंगात मुलगा समोर बसलाय, बायका त्याला प्रश्न विचारताहेत, आणि ते स्वप्न निघतं. पुढचा प्रत्येक कार्यक्रम प्रेक्षक या स्वप्नाशी ताडून पाहतो. हा प्रसंग वगळून पुनरावृत्तीबद्दल लिहिलं की लिखाण अर्धवट राहतं.

त्याच टिपणात ‘ग्रामीण बोलीतले संवाद’ असं म्हटलं आहेस. कुठल्या गावची बोली? हा सिनेमा विदर्भात, चंद्रपूरकडे घडतो, आणि त्यातली माणसं बहुतेक तिथलीच आहेत. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, मराठवाड्यातली बोली, सगळ्यांवर ‘ग्रामीण’ असा एकच शिक्का मारणं हा आपल्याकडच्या समीक्षेचा जुना आळस आहे. तो तू उचलू नकोस. एखादं वाक्य जसंच्या तसं लिहून घे, तेवढंच उद्धृत कर.

आता ‘अडोलसन्स’. मार्च 2025मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही ब्रिटिश मालिका चार भागांची आहे आणि प्रत्येक भाग एकाच सलग टेकमध्ये, म्हणजे मध्ये कुठेही न कापता, चित्रित केलेला आहे. तू लिहिलंस, ‘सलग टेकमुळे छायाचित्रण अप्रतिम.’ कॅमेरा थांबला नाही ही करामत झाली. त्या करामतीनं कथेला काय दिलं, ते लिही. तिसऱ्या भागात खुनाचा आरोप असलेला मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ बाई एका खोलीत जवळजवळ पूर्ण वेळ समोरासमोर आहेत. कट नसल्यामुळे मुलगा एकदम चिडतो तेव्हा आपल्याला तिथून सुटका मिळत नाही, बाईंनाही मिळत नाही. इथे सलग टेक कथेच्या कामाला येतो. दुसरा भाग शाळेत घडतो, आणि तिथे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला कॅमेऱ्याला सारखं कुणाच्या तरी मागे चालावं लागतं. काही जागी हे जाणं कथेच्या गरजेपेक्षा कॅमेऱ्याच्या सोयीचं वाटतं. माझ्या मते चारांमध्ये तिसरा भाग सर्वांत भक्कम आहे आणि दुसरा सर्वांत सैल. तुझं मत उलट असू शकतं. फक्त भागाचा आणि प्रसंगाचा उल्लेख करून ते मांड.

पाहण्याची पद्धत सांगते. पहिल्यांदा पाहताना वही बंद ठेव. संपल्यावर तासाभरात, कुणाशीही बोलण्याआधी आणि इतरांची मतं वाचण्याआधी, आठवतात ते पाच प्रसंग लिहून काढ. आठवले त्याच क्रमाने लिही, सिनेमातल्या क्रमाने नको. तुझं खरं मत बहुतेक वेळा या यादीच्या पहिल्या दोनांत असतं. दुसऱ्यांदा पाहताना मिनिटं टिपत जा: ‘41 वर गाणं सुरू, 46 पर्यंत कथा थांबली’ अशी. मग एकच महत्त्वाचा प्रसंग निवडून तीनदा बघ, एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. आवाज बंद केल्यावर प्रसंग पोकळ वाटला तर त्याचं बळ संवादात किंवा संगीतात होतं. डोळे मिटून ऐकलंस तर पार्श्वसंगीत कुठे ढकलून रडवतंय तेही कळतं. ‘सैराट’चा शेवटचा प्रसंग यासाठी मुद्दाम बघ. इतक्या गाजलेल्या गाण्यांच्या सिनेमात त्या जागी आवाजच काढून घेतला आहे. तिथे संगीत ठेवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करणं हा ध्वनीबद्दल लिहायला शिकण्याचा चांगला मार्ग आहे.

मत बनवण्याआधी आपलं यंत्रही तपास. खूप लोक टीव्हीच्या दोषासाठी सिनेमाला बोल लावतात. सिनेमा साधारणपणे सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो. नव्या टीव्हीत ‘मोशन स्मूदनिंग’ चालू असतं, ते मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतं, आणि महागडा सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ते बंद कर, ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लाव, रंग भडक करणारा ‘व्हिव्हिड’ कधीच नको. संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू आले तर लगेच नटाला दोष देऊ नकोस. चित्रपटगृहासाठीच्या 5.1 (अनेक स्पीकरांत वाटलेल्या) ध्वनिमिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांत ते संगीताखाली दबतात. हेडफोन लावून तोच भाग पुन्हा ऐक. मोबाइलवर डेटा वाचवण्याची सोय चालू असेल तर अंधाराच्या दृश्यांत चौकोनी डाग दिसतात, त्यावरून छायाचित्रणाबद्दल एक शब्दही लिहू नये. आणि दीडपट वेगाने पाहिलेल्या गोष्टीच्या गतीबद्दल मत द्यायचंच नाही.

दोष चुकीच्या माणसाच्या माथी जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. नट ‘ओव्हर’ वाटतो तेव्हा बरेचदा प्रतिक्रियेचा शॉट संकलनात दोन सेकंद जास्त ठेवलेला असतो. कोकणातला समुद्र सुंदर दिसला म्हणजे छायाचित्रण उत्तम झालं असं होत नाही, समुद्र मुळातच सुंदर आहे. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये (2024, कान महोत्सवात ग्राँ प्री) पावसाळी मुंबईची निळसर रात्र आणि नंतर रत्नागिरीकडचा किनारा असे दोन प्रकाश आहेत. ते बदलल्यावर माणसं एकमेकींशी कशी वेगळी वागतात, ते पकड. कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी कामं आहेत, हेही लिहिताना विसरू नकोस.

मालिकांचं गणित निराळं. आठ भागांच्या वेब मालिकेवर पहिल्या भागानंतर निकाल देऊ नकोस, आणि अर्धीच पाहिली असेल तर तसं स्पष्ट लिही. प्रत्येक भाग संपला की एकच नोंद कर: आता मागे फिरवता येणार नाही असं काय घडलं? सलग दोन भागांपुढे ती जागा कोरी राहिली तर मालिका तिथे रेंगाळली आहे. ‘मध्ये संथ वाटली’ यापेक्षा ‘चौथ्या आणि पाचव्या भागात कुणाचीच परिस्थिती बदलत नाही’ हे कितीतरी उपयोगी वाक्य आहे. रोजच्या मालिकेला मात्र हा निकष लावणं अन्याय ठरेल. अर्ध्या तासात जाहिराती वगळून बाविसेक मिनिटं उरतात, प्रेक्षकसंख्येचे (टीआरपीचे) आकडे दर आठवड्याला येतात आणि कथानक त्यांच्याकडे पाहून वळतं. तिथे सलग आठवडाभराचे भाग पाहून, सोमवारी आणि शनिवारी पात्रं कुठे होती एवढंच ताड.

एका टिपणाला सहाशे-सातशे शब्द पुरेत. त्यात कथानक ऐंशी शब्दांच्या वर नको, आणि पहिल्या एक-तृतीयांश भागापुढचं काही फोडू नकोस. एका प्रसंगाचं नेमकं वर्णन शंभर-सव्वाशे शब्दांत कर, तोच लेखाचा कणा. अभिनय, संगीत, कला, संकलन यांना क्रमाने एकेक वाक्य वाटणं सोडून दे, ज्याबद्दल खरोखर सांगायचं आहे तेवढंच घे. ‘संयत’, ‘तरल’, ‘आशयघन’, ‘वेगळ्या वाटेवरचा’, ‘पैसा वसूल’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात आले तर येऊ देत, दुसऱ्यात ते खोड आणि त्या जागी काय दिसलं ते लिही. ‘संयत अभिनय’ खोडून ‘नकार ऐकल्यावर ती फक्त पदर नीट करते’ असं काही सापडलं, तर ते ठेव.

आणि मराठी सिनेमा आहे म्हणून सवलतीचे गुण देऊ नकोस. ‘आपणच पाहिला नाही तर कोण पाहणार’ हे तिकीट काढायला उत्तम कारण आहे, मत बनवायला नाही. व्हेनिसला पुरस्कार मिळवलेला चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ असो की सुट्टीच्या आठवड्यात लागलेला विनोदी सिनेमा, दोघांनाही तितक्याच बारकाईने बघ. ‘कोर्ट’मध्ये उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे मालवतात, पडदा काळा होतो. सिनेमा संपला असं वाटतं, आणि मग न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. सिनेमा अंधारातच संपायला हवा होता, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. न्यायासनाबाहेर हा माणूस कसा बोलतो, कशावर विश्वास ठेवतो आणि कुणावर हात उगारतो, ते पाहिल्यावरच आधीचे सगळे निकाल समजतात. तुला काय वाटतं ते त्या शेवटच्या मिनिटांवर बोट ठेवून सांग.

‘स्थळ’चं टिपण आधी पुन्हा लिही. रकाने भरलेला कागदही सोबत पाठव, लेखाइतकाच तो मला बघायचा आहे.

सस्नेह.