पगार कापला म्हणून जर्मनी? भावा, आधी माझं ऐक

तू लिहिलंयस की कुपवाड एमआयडीसीत सात वर्षं झाली, गेल्या महिन्यापासून पगार २० टक्के कापलाय, विश्रामबागच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, पोरगं दुसरीत आहे, आणि आता इथंच दुसरी कंपनी बघू का सरळ जर्मनी. वाचलं आणि दोन दिवस डोक्यातनं जाईना, कारण मी पण कुपवाडचाच आणि माझं पण असंच सुरू झालं होतं. व्हिसाला काय लागतं, पगार किती पाहिजे, ते सगळं सरकारी साईटवर आहे, ते मी परत टाईप करत बसत नाही.

२०१६ ला नोटबंदी झाली, ऑर्डरी आटल्या, आणि एक दिवस पंचिंग मशीनशेजारी पगारकपातीचा कागद चिकटवलेला दिसला. कुणी बोलावून सांगितलं नाही, मॅनेजर त्या दिवशी शॉपफ्लोअरवर फिरकला पण नाही. मला पैशापेक्षा त्या कागदाचा राग आला. संध्याकाळी घरी जाऊन जाहीर केलं, बास झालं, आपण बाहेर जायचं. रागात ठरवलं खरं पण प्रत्यक्ष विमानात बसायला जानेवारी २०१९ उजाडलं, भाषा, कागदपत्रं, इंटरव्ह्यू, परत कागदपत्रं, आणि ही दोन वर्षं घर चालवलं ते त्याच कापलेल्या पगारावर. म्हणजे जर्मनी हा पगारकपातीवरचा उपाय नव्हताच रे. तुला पण निदान वर्षभर तरी याच पगारात काढायचंय, ते आधी बसवून घे. बँकेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळते का विचार, व्याज जास्त जाईल पण चालेल. भिशी चालू असली तर नवीन धरू नको. पीएफला हात लावू नको, आणि क्रेडिट कार्डवर किराणा तर अजिबात नको.

आणि एक गोष्ट जी मला नऊ वर्षं नोकरी करून माहीत नव्हती. कापलंय ते अलाउन्समधनं का बेसिकमधनं, स्लिप काढून बघ. माझा बेसिकच २६ हजाराचा २० हजार केला होता. ग्रॅच्युइटी तेव्हा शेवटच्या बेसिक-डीएवर निघायची, गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, म्हणजे मागची सगळी वर्षं पण त्या कमी आकड्यानंच मोजली गेली. मला साधारण ३१ हजाराचा फटका बसला, आणि मी सोडल्यावर तीन महिन्यांत मागं राहिलेल्यांचा बेसिक पूर्ववत झाला. त्यामुळं एचआरकडनं लेखी घे की कपात तात्पुरती आहे, कधीपर्यंत आहे. दुसरी कंपनी तीन महिन्यांच्या स्लिपा मागते आणि त्या कापलेल्या आकड्यावर वाढ देते, तेव्हा हे पत्र आणि जुनं अप्रेजल लेटर दोन्ही पुढं ठेवायचं. किर्लोस्करवाडी, शिरोली, गोकुळ शिरगाव, पुणे, सगळीकडं दोन-चार इंटरव्ह्यू दे. जायचं नसलं तरी दे. आपली किंमत बाजारात काय आहे ते कळतं, मी हे केलंच नाही.

इथं जर्मनीत पगार कापत नाहीत असं वाटत असेल तर सांगतो, मे २०२० ला माझी कंपनी कुर्त्सआर्बाइटवर गेली. तास कमी, पगार कमी, आणि जो नेट पगार बुडतो त्याच्या ६० टक्के सरकारी पैशातनं मिळतात, मूल असेल तर ६७. वाईट नाही, आपल्याकडं कोण देतं? पण त्या पैशावर टॅक्स नाही म्हणतात ते अर्धंच खरं, तो धरून बाकीच्या पगाराचा टॅक्सचा दर चढतो आणि दुसऱ्या वर्षी घरी बिल येतं. आम्हाला आलं. सांगलीत अण्णांना मी यातलं काहीच सांगितलं नाही, दर महिन्याला तेवढेच पैसे पाठवत राहिलो, ओव्हरड्राफ्ट काढून.

जुलैत दुसरी ऑफर आली. तेव्हा ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळतो त्या परवान्यावर, पहिली दोन वर्षं नोकरी बदलायला परदेशी नागरिकांच्या ऑफिसची परवानगी लागायची. अर्ज केला, कोविडमुळं खिडकी बंद, फोन कुणी उचलत नाही, ईमेलला ऑटोमॅटिक उत्तर. अकरा आठवड्यांनी पत्र आलं, त्यात मी पहिल्या दिवशी जोडलेलाच फॉर्म परत मागितला होता. ऑफर तोपर्यंत गेली. मी तो फॉर्म अजून फायलीत ठेवलाय, का ठेवलाय माहीत नाही. आता नियम सुधारलाय, नोव्हेंबर २०२३ पासून पहिल्या १२ महिन्यांत बदललीस तर कळवायचं, त्यांनी ठरवलं तर ३० दिवस थांबवू शकतात, नंतर मोकळा. बी-वन म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन असलं की २१ महिन्यांत कायम राहायचा परवाना, ए-वन म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीवर २७. भाषा तिथंच करून ये, इथं आल्यावर कामावरनं येऊन डोळे मिटतात.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, आणलेलं भडंग आठवड्यात संपतं. सवय होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, अण्णा गावभागात माडीवर अडकलेले, आणि मी इथं फोनवर फूट मोजत बसलेलो, कारण प्रोबेशन संपून महिनाच झालेला आणि रजा मागायचं धाडस झालं नाही. असो.

शाळेचं मात्र नीट ऐक. आमच्या राज्यात, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, चौथीलाच शाळा सुचवते की मुलानं पुढं गिमनाझियमला (सरळ युनिव्हर्सिटीच्या वाटेची शाळा) जायचं का रिअलशूलला (दहावीपर्यंतची). २०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या पोरीला रिअलशूल लिहून दिलं. गणित उत्तम, जर्मन लिहिण्यात मार्क कमी, आणि बाईंनी विचारलं, घरी जर्मन बोलत नाही का तुम्ही? तेव्हा ती शिफारस पालकांवर बंधनकारक नव्हती. मी सरळ गिमनाझियमला नाव घालू शकत होतो. पण जानेवारीत शेवटी एकदाची नवी नोकरी लागलेली, परत सहा महिन्यांचं प्रोबेशन, परत तीच भीती, आणि त्या बाईंसमोर माझं तोंडच उघडलं नाही. दहावीनंतर रिअलशूलमधनंपण वाट आहे, पुढं आबिटुअर, म्हणजे युनिव्हर्सिटीत जायला लागणारी शेवटची परीक्षा, करता येतं, मला सगळे हेच सांगतात. पोरगी सातवीत आहे, मजेत आहे. मला अजून झोप येत नाही त्या मीटिंगची आठवण आली की. तुझं पोरगं दुसरीत आहे. दीड वर्षानं आलास तर चौथीची ती शिफारस येईपर्यंत त्याला भाषा शिकायला फार थोडा वेळ मिळेल, हे तारखा काढून बघ.

आणि वहिनींना काय वाटतं ते तू लिहिलंच नाहीस. विचारलंयस का? मी त्या संध्याकाळी घरी सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. बायको तेव्हा मिरजेत एका शाळेवर पर्मनंट होती. मी रात्री वहीत खर्च मांडत बसायचो, हे भागत नाही, ते भागत नाही, आणि तिचा पगार त्या वहीत धरलेलाच नव्हता, तो कुणी कापलेला नव्हता. इथं आल्यावर तिनं दोन वर्षं बेकरीत पहाटेची शिफ्ट केली. आता एका बालवाडीत मदतनीस आहे, मुलं तिला फार आवडतात म्हणते.