सासऱ्यांच्या फौजेतील दिवसांविषयी काय लिहावे?

प्रश्न : माझे सासरे 1968 साली नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात रंगरूट म्हणून दाखल झाले आणि 1985 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढे साठीपर्यंत ते सातपूरच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षक होते. नातवंडांसाठी त्यांची हकीकत लिहून ठेवावी, अशी माझी इच्छा आहे. पण 1971 च्या लढाईविषयी विचारले की ‘आम्ही होतो तिथे’ एवढेच सांगतात. त्यांना शौर्यपदकही मिळालेले नाही. मग लिहावे तरी काय?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपण लढाईपासून सुरुवात करता, म्हणून बोलणे तिथेच थांबत असावे. त्याऐवजी डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक) आणि पदके त्यांच्यासमोर ठेवा. शौर्यपदक नसले, तरी 1971 च्या लढाईतील सेवेसाठी दिलेली पदके असतात : ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर ते पूर्व आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिम आघाडीवर. घरी येणाऱ्या पत्रावर फौजी टपालाचा केवळ क्रमांक असल्याने जे ठिकाण तेव्हा कुटुंबाला कळत नसे, त्याचा माग आज असा लागतो. (कागद बाहेर काढलेच आहेत, तर पेन्शनच्या आदेशातील सासूबाईंचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, तेही पाहून घ्या, कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आल्यावर अशी तफावत फार त्रास देते.)

पश्चिम आघाडीवर 17 डिसेंबर 1971 रोजी तोफा थांबल्या, तरी फौजा मागे घेण्याचे काम 1972 च्या डिसेंबरपर्यंत चालले. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला. तिकडे जवान सीमेवर आणि इकडे सिन्नरसारख्या कोरडवाहू तालुक्यातील घरची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत आहेत, आयात केलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी खात आहेत, अशी स्थिती अनेक कुटुंबांची होती. म्हणून वही घेऊन आधी सासूबाईंजवळ बसा. त्या वर्षी मनीऑर्डर वेळेवर येत होती का, पत्र कोण वाचून दाखवी, सुट्टीवर आलेल्या माणसाला घरची अडचण सांगितली की लपवली, हे त्यांना विचारा. त्या बोलू लागल्या की दुरुस्ती करण्यासाठी का होईना, सासरे मध्ये बोलतील, असा आमचा कयास आहे.

कारखान्यातील वर्षे मात्र गाळू नका. पेन्शनीसाठी जवानाची पंधरा वर्षांची सेवा पुरते आणि ऐन पस्तिशी-चाळिशीत, मुलांच्या शाळा सुरू असताना, त्याला दुसरी नोकरी शोधावी लागते. गावात ज्याला सगळे ‘मेजर’ म्हणतात, तो माणूस कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी करतो आणि आपल्याहून निम्म्या वयाच्या साहेबाला सलाम करतो. आपल्या सासऱ्यांनी फौजेत सतरा वर्षे काढली आणि फाटकावर त्याहून जास्त. तेव्हा हकिकतीतही त्या काळाला तेवढी पाने द्यावीत.